सरकारी वकील नेमका कोणाचा?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं फौजदारी कोर्टाबद्दल आहेत. त्यातली पाच निवडली. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल एवढंच सांगते, की चोवीस वर्षं मी सहायक सरकारी अभियोक्ता होते. कोर्टाच्या आवारात त्याला कोणी एपीपी म्हणतं, कोणी नुसतं ‘सरकारी वकील’. निवृत्तीनंतर मोफत विधी सेवेच्या यादीवर आहे, म्हणजे आता आरोपींच्या बाजूनं उभी राहते. टेबल तेच, खुर्ची पलीकडची.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला 2023 मध्ये चौघांनी मारलं. डोक्याला सात टाके पडले. फिर्याद मी दिली. आता खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सुरू झाला आहे. ‘तुमचा वकील सरकारच देतं’ असं पोलीस म्हणाले होते. पण हे सरकारी वकील आम्हाला ओळखतसुद्धा नाहीत. साक्षीच्या दिवशी व्हरांड्यात पाच मिनिटं बोलले, तेही भावाचं नाव चुकवून. आरोपींनी दोन-दोन वकील दिलेत. आम्हालाही आमचा वकील देता येईल का? आणि समोरचे आता मिटवू म्हणतात, तर केस मागे घेता येते का?

तुम्हाला आलेलं समन्स काढा आणि वरच्या ओळीत काय छापलंय ते वाचा. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ आणि पुढे आरोपींची नावं. तुमच्या भावाचं नाव त्या ओळीत नाही, तुमचंही नाही. तुम्ही दोघं साक्षीदारांच्या यादीत आहात, फिर्यादी म्हणून तुम्ही बहुधा पहिल्या क्रमांकावर. दिवाणी दाव्यात वादी आपला वकील नेमतो, त्याची फी देतो, दावा त्याचा असतो. फौजदारी खटल्यात गुन्हा समाजाविरुद्ध घडला असं धरतात आणि समाजाच्या वतीनं राज्य उभं राहतं. तो सरकारी वकील राज्याचा. ‘तुमचा वकील’ हे पोलिसांनी धीर द्यायला म्हटलं असेल, पण त्या दोन शब्दांमुळे किती फिर्यादी दुखावलेले मी पाहिलेत त्याला गणती नाही.

मला हे एका फिर्यादीच्या वडिलांनी शिकवलं. मारहाणीचाच खटला होता, पाच आरोपी. कागद चाळताना लक्षात आलं, की त्यातला एक जण घटनेच्या वेळी दवाखान्यात दाखल होता. दाखल केल्याचा कागद तपास अधिकाऱ्याकडे आला होता, पण दोषारोपपत्राला जोडलेला नव्हता. मी तो मागवून कोर्टापुढे ठेवला. तो आरोपी सुटला, बाकीच्यांवर खटला चालला. बाहेर आल्यावर म्हातारबाबांनी मला अडवलं आणि विचारलं, ‘‘बाई, तुम्ही नक्की कोणाच्या?’’ मला तेव्हा धड उत्तर सुचलं नाही. वकिलांसाठी बार कौन्सिलचे आचरणाचे नियम आहेत. त्यात स्वच्छ म्हटलंय, की सरकार पक्षातर्फे उभ्या राहणाऱ्या वकिलानं खटला असा चालवावा की निरपराध माणसाला शिक्षा होऊ नये. आरोपीच्या सुटकेला उपयोगी पडेल असा कागद दाबून ठेवायची आम्हाला मुभा नाही. हे त्या बाबांना मी त्या व्हरांड्यात कसं समजावणार होते?

आता नाव चुकवल्याबद्दल. ते वाईटच. पण ते का होतं हेही सांगते, म्हणजे राग निदान योग्य जागी जाईल. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात रोज सकाळी बोर्ड लागतो, बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. माझ्या बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं असायची. त्यात जामीन अर्ज, रिमांड, पुरावा, युक्तिवाद, सगळं एकत्र. तपास मी केलेला नसतो. तो पोलिसांचा, आणि सरकारी वकील पोलीस खात्याचा नोकर नसतो, सरकारी वकिलांचं अभियोग संचालनालय वेगळं आहे. पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात, तिथून पुढे ते कागद आमच्या हाती. ते कागद साक्षीच्या आदल्या संध्याकाळी वाचायला मिळाले तर नशीब. म्हणून साक्षीच्या दिवशी साडेदहालाच कोर्टात जा, सरकारी वकिलांच्या टेबलापाशी उभे राहा आणि म्हणा, ‘‘अमुक नंबरच्या केसमधला फिर्यादी, मला माझी फिर्याद एकदा वाचायची आहे.’’ केस नंबर सांगितलात की ते ऐकतील. नाव आम्ही विसरतो, नंबर विसरत नाही.

तुमचा वकील : हो, देता येतो. कोर्टाची परवानगी घेऊन तो सरकारी वकिलाच्या मदतीला बसतो. पण तो त्यांच्या सूचनेनुसारच काम करतो. एवढ्या परवानगीवर साक्षीदारांची तपासणी, उलटतपासणी स्वतः करायला उठू शकत नाही. पुरावा संपल्यावर परवानगीनं लेखी युक्तिवाद देऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये हे पुन्हा एकदा स्पष्ट केलंय. तरी त्याचा उपयोग मोठा. तारखा सांभाळणं, जखमेचे कागद लावून घेणं, कुठल्या साक्षीदाराचं समन्स बजावलंच गेलं नाही हे सरकारी वकिलाच्या कानावर घालणं. अशा कामासाठी चांगला माणूस भेटला तर द्या. ‘मी आत उभा राहून फाडून काढतो’ म्हणणारा भेटला तर नको.

मिटवण्याबद्दल : घटना 2023 ची, म्हणून गुन्ह्याची कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची लागतात. नवी भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, तिच्या आधीच्या गुन्ह्यांना नाही. काही गुन्हे आपसात मिटवता येतात, काही कोर्टाच्या परवानगीनं येतात, काही मिटवताच येत नाहीत. साधी मारहाण पहिल्या गटात आहे, खुनाचा प्रयत्न तिसऱ्या. तुमच्या दोषारोपपत्रावर कुठली कलमं आहेत ते पत्रात नाही, तेवढं पाहून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, गुन्हा मिटवण्याजोगा असेल तर मिटवण्याचा हक्क जखमीचा, म्हणजे तुमच्या भावाचा आहे. फिर्याद तुम्ही दिलीत म्हणून तो तुमच्याकडे येत नाही. त्याला एकट्याला बसवून विचारा.

प्रश्न : मॅडम, मला कोर्टाचं समन्स आलंय. चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या घरी चोरी झाली होती, एका माणसाला पळताना मी पाहिलं होतं. पोलिसांनी जबाब लिहून घेतला. काय लिहिलं ते आता आठवत नाही. मी कधी कोर्टात गेलेली नाही. आरोपीचा वकील उलटसुलट विचारतो, अपमान करतो असं सगळे सांगतात. नाही गेले तर चालेल का? गेले तर काय बोलू?

नाही गेलात तर चालणार नाही. आधी समन्स येतं, मग जामीनपात्र वॉरंट येतं, ते घेऊन हवालदार दारात उभा राहतो. त्यापेक्षा आपणहून जाणं बरं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते दावे लावणाऱ्यांसाठी. साक्षीदाराला शहाणपणाची ती सवलत नाही.

आत काय होईल ते क्रमानं सांगते.

पट्टेवाला दाराशी येऊन पुकारा करेल. त्याच्या तोंडी तुमचं नाव ओळखू येईलच असं नाही, म्हणून केस नंबर लक्षात ठेवा. तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहाल. वयस्कर असाल, पाय दुखत असतील तर ‘खुर्ची मिळेल का’ असं न्यायाधीशांना सरळ विचारा, मिळते. शपथ घेताना समोर कुठलाही ग्रंथ नसतो. ईश्वराला स्मरून शपथ घ्यायची किंवा देव मानत नसाल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची, की खरं सांगेन. दोन्हीचं वजन सारखं.

मग सरकारी वकील विचारतील, ती सरतपासणी. ते तुमच्या तोंडात उत्तर घालू शकत नाहीत. ‘तुम्ही लाल शर्टातला माणूस पाहिलात ना?’ असं विचारलं की समोरचा वकील उठून हरकत घेतो, कारण तो सूचक प्रश्न झाला. ते विचारतील, ‘त्या रात्री काय झालं?’ एवढंच. पुढचं तुम्हाला सांगायचंय. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘पावसाळ्याचे दिवस होते’ म्हणा. पाठ करून आलेला साक्षीदार पहिल्या तीन वाक्यांत ओळखू येतो, सगळ्यांना.

नंतर उलटतपासणी. इथं सूचक प्रश्न चालतात, किंबहुना तेच असतात. आरोपीचा वकील तुमच्याकडून माहिती घ्यायला उभा नाही. त्याला तुमच्या सांगण्यात कुठं फट आहे का ते पाहायचंय. तीन तऱ्हेचे प्रश्न येतील.

पहिली तऱ्हा, अंतर, उजेड, वेळ. ‘रस्त्यावरचा दिवा किती फुटांवर होता?’ माहीत नसेल तर ‘माहीत नाही’. हे दोन शब्द पूर्ण उत्तर आहेत. अंदाजानं वीस फूट म्हणालात आणि पंचनाम्यात साठ फूट असलं, की तेवढ्यावर पुढची दहा मिनिटं जातील.

दुसरी तऱ्हा जबाबाची. पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. कायद्यातच तशी मनाई आहे, कारण तो जबाब म्हणजे पुरावा नव्हे. पण त्यात एखादी गोष्ट राहून गेली असेल आणि ती तुम्ही कोर्टात पहिल्यांदा सांगितलीत, तर वकील विचारणार, ‘हे पोलिसांना सांगितलं होतं का?’ सांगितलं असेल तर तसं म्हणा. मग उताऱ्यात, म्हणजे तुमच्या साक्षीच्या टंकलिखित नोंदीत, एक ठरलेलं वाक्य उमटतं : ‘मी पोलिसांना सांगितले होते, परंतु माझ्या जबाबात का नमूद नाही त्याचे कारण सांगता येणार नाही.’ जबाबात अशी राहून गेलेली गोष्ट म्हणजे आमच्या भाषेत ‘वगळ’. महत्त्वाची असेल तर ती खटल्याला भोवते, किरकोळ असेल तर निकालपत्रात एका वाक्यात निघून जाते. कुठली महत्त्वाची हे न्यायाधीश ठरवतील, तुम्ही त्याचा ताण घेऊ नका. सरकारी वकिलांकडे सकाळीच जबाब वाचायला मागा, बरंचसं आठवेल.

तिसरी तऱ्हा शेवटी येते, आणि अपमान वाटतो तो तिथं. ‘तुम्ही खोटी साक्ष देताय, हे म्हणणं खरं आहे का?’ ‘शेजाऱ्यांशी संबंध चांगले म्हणून त्यांच्या बाजूनं बोलताय?’ वकिलाचा तुमच्यावर राग नसतो. त्याला आपली बाजू तुमच्यासमोर ठेवावीच लागते. ती ठेवली नाही तर पुढे युक्तिवादात ‘या मुद्द्यावर साक्षीदाराला विचारलंच नाही’ असं त्याला ऐकावं लागतं. तुम्ही ‘नाही’ म्हणायचं. टंकलेखक लिहितो, ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’ मराठी साक्षीच्या प्रत्येक उताऱ्याचा शेवट असल्या वाक्यांच्या रांगेनं होतो.

या ‘खरे नाही की’नं एकदा मला चांगलंच पकडलं. एक मजूर साक्षीदार होता, घाबरलेला. वकिलांचा वेग मोठा. ‘तिथं अंधार होता हे खरं आहे?’ ‘होय.’ ‘गर्दी होती हे खरं आहे?’ ‘होय.’ ‘पोलिसांनी तुम्हाला दोनदा बोलावलं हे खरं आहे?’ ‘होय.’ ‘आणि पोलिसांच्या सांगण्यावरून तुम्ही खोटं बोलताय हे खरं आहे?’ ‘होय.’ त्याच सुरात, त्याच दमात. टंकलेखकाची बोटं चालू. मी हरकत घ्यायला हवी होती, निदान मान वर करायला हवी होती. मी पुढच्या प्रकरणातला वैद्यकीय दाखला शोधत होते. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि वकिलांची भाषा सोडून त्याला विचारलं, ‘‘बाबा, हे वकीलसाहेब म्हणतात तुम्ही खोटं सांगताय. तुम्ही खोटं सांगताय का?’’ तो दचकला. ‘‘नाही साहेब, खोटं कशाला सांगू? मी पाहिलं ते सांगितलं.’’ न्यायाधीश साक्षीदाराला केव्हाही, कुठलाही प्रश्न विचारू शकतात. हा अधिकार कायद्यानं त्यांना दिलाय आणि बरेच जण तो फार जपून वापरतात, पंचानं खेळात उतरू नये तसं. त्या दिवशी तो वापरला गेला नसता तर एका माणसाची खरी साक्ष माझ्या नजरेसमोर वाया गेली असती.

म्हणून तुम्हाला सांगते, प्रश्न पुरता ऐका. नाही कळला तर ‘पुन्हा सांगा’ म्हणा. उत्तर वकिलाकडे बघून देऊ नका, न्यायाधीशांकडे बघून द्या. आपोआप वेग कमी होतो. शेवटी उतारा वाचून दाखवतील, तेव्हा घाई करू नका. ‘डावीकडे’चं ‘उजवीकडे’ झालं असेल तर तिथल्या तिथं सांगा. दुरुस्ती होते किंवा तुम्ही हरकत घेतली अशी नोंद तरी होते. मग सही. येण्याजाण्याचा साक्षीदार भत्ता मागायला लाजू नका.

कोणी धमकावत असेल तर मात्र गप्प राहू नका. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली आणि ती देशभर लागू केली. जिल्ह्यात त्यासाठी समिती असते, प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश. अर्ज कसा करायचा ते सरकारी वकीलच सांगतील, कारण जिल्ह्यातल्या अभियोग विभागाचे प्रमुख त्या समितीचे सदस्य सचिव असतात.

प्रश्न : आपला अशील दोषी आहे हे माहीत असताना वकील त्याच्यासाठी कसा काय भांडतो? तुम्ही तर आयुष्यभर आरोपींना शिक्षा व्हावी म्हणून काम केलंत. आता त्यांच्याच बाजूनं उभं राहताना मनाला काही वाटत नाही?

वाटतं. पहिल्यांदा तुरुंगात एका आरोपीला भेटायला गेले तेव्हा तो मला ‘साहेब’ म्हणाला, कारण मला त्यानं सरकारी टेबलापाशी पाहिलं होतं. आम्ही दोघंही पाच मिनिटं काही बोललो नाही.

पण ‘माहीत असताना’ या तुमच्या शब्दांपाशी थांबू या. वकिलाला काय माहीत असतं? कागद आणि अशिलाचं म्हणणं. दोषी की निर्दोष हे ठरवण्याचं काम त्याचं नाही. त्यानं ते आपल्या ऑफिसात बसून ठरवून टाकलं तर आरोपीचा खटला कोर्टाच्या दाराबाहेरच संपला. बार कौन्सिलचा नियम आहे, की आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचं वैयक्तिक मत काही असो, त्यानं बचाव करावा. याला मर्यादाही आहेत. खोटा साक्षीदार उभा करायचा नाही, खोटा कागद आणायचा नाही. अशिलानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर फोडायचं नाही, मात्र पुढे करायच्या गुन्ह्यासाठी सल्ला मागितला तर ते झाकणही राहत नाही. त्याच्या हातात राहतं ते एकच : सरकारनं आरोप वाजवी संशयापलीकडे शाबीत केला का, हे बोट ठेवून विचारणं. पंचनाम्यातला चाकू आणि प्रयोगशाळेत गेलेला चाकू एकच का? सील कधी लावलं, कोणापुढे? हे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत तर तपास अधिकारी सील नीट लावायची तसदी तरी का घेईल? सरकारी बाजूला असताना चांगला बचाव करणारा वकील समोर असला, की मी आदल्या रात्री कागद दोनदा वाचत असे. वाईट वकील असला की एकदाच. त्याचा तोटा कोणाला होत होता, याचा विचार मी निवृत्तीनंतर केला, आधी नाही.

काही ठिकाणी वकील संघटना ठराव करतात, की अमक्या आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये असे ठराव बेकायदा ठरवले. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातला अजमल कसाब, ज्याला हातात बंदूक घेतलेला सगळ्या देशानं पाहिलं, त्यालाही वकील दिला गेला. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र म्हणून त्याची बाजू मांडली. न्यायमित्र म्हणजे ज्याला कोर्टच मदतीला नेमतं तो वकील. ऑगस्ट 2012 मध्ये फाशी कायम झाली. ती वकिलाविना झाली असती तर त्या निकालपत्राला आज कोणी निकालपत्र म्हटलं नसतं.

आणि वकील परवडत नाही म्हणून कोणी बिनवकिलाचा उभा असेल तर त्याला एवढं सांगा : कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. फोन क्रमांक 15100.

प्रश्न : सिनेमातल्यासारखी जूरी आपल्याकडे का नसते? आणि न्यायाधीश खरंच हातोडा आपटतात का?

हातोडा मी चोवीस वर्षांत एकदाही पाहिला नाही. गोंगाट झाला तर न्यायाधीश मान वर करतात, तेवढं पुरतं. नाही पुरलं तर पट्टेवाला ओरडतो.

जूरी, म्हणजे दोषी की निर्दोष याचा कौल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, आपल्याकडेही होती. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या 1959 च्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या सत्र न्यायालयातल्या जूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो कौल मुळीच पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथं जन्मठेप झाली, ती 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. त्या एका खटल्यानं जूरी गेली असं सांगायची पद्धत आहे. गोष्ट म्हणून ती चांगली आहे, पण जूरी हळूहळू आधीपासूनच जात होती आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. आता सत्र न्यायाधीश एकटे ठरवतात आणि का ठरवलं ते लिहितात. जूरीला कारण लिहावं लागत नसे. मला लिहिलेलं कारण बरं वाटतं, कारण अपिलात त्याच्याशी भांडता येतं.

प्रश्न : मी विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत फौजदारी कोर्टात जाऊन बसतो, पण काही कळत नाही. सगळे हळू बोलतात, फायली इकडून तिकडे जातात आणि ‘पुढची तारीख’ म्हणून उठतात. काय पाहू? आणि तारखा एवढ्या का पडतात?

तुम्ही प्रेक्षकांच्या बाकावर बसून न्यायाधीशांकडे पाहताय, म्हणून कळत नाही. आठवडाभर त्यांच्या खाली बसलेल्या बेंच क्लार्ककडे पाहा. फाइल त्यांच्या हातून वर जाते आणि त्यांच्याच हातात परत येते. प्रत्येक फायलीत रोजनामा असतो. आज कोण हजर, कोण गैरहजर, काय झालं, पुढची तारीख कशासाठी, हे दोन-चार ओळींत. खटल्याचं चरित्र त्यात असतं. तुमचे सीनियर ज्या प्रकरणात असतील त्यातला रोजनामा पहिल्या पानापासून वाचा. तारखा का पडतात ते माझ्यापेक्षा तो चांगलं सांगेल. ‘आरोपी तुरुंगातून आणला नाही.’ ‘साक्षीदारास समन्स न बजावता परत.’ ‘सी. ए. रिपोर्ट (रासायनिक प्रयोगशाळेचा अहवाल) अप्राप्त.’ ‘मुद्देमाल हजर नाही.’ ‘आरोपीतर्फे मुदतीचा अर्ज, मंजूर.’ फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पक्षकाराला, तेही त्याच्या हाताबाहेरच्या कारणासाठी, फार तर दोन तहकुबी द्याव्यात असं म्हटलंय. युक्तिवाद संपल्यावर सत्र न्यायालयानं तीस दिवसांत, कारणं नोंदवून पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यावा असंही आहे. पण वर दिलेल्या पाचांपैकी पहिली चार कारणं पक्षकाराच्या वकिलाची नाहीतच, हे रोजनामा वाचल्याशिवाय लक्षात येत नाही.

दुसरा माणूस कोर्ट पैरवी हवालदार. भिंतीला टेकून, वही घेऊन उभा असतो. कुठल्या साक्षीदाराला समन्स पोचलं, कोण गाव सोडून गेला, मुद्देमाल कुठल्या खोलीत आहे, हे त्याला तोंडपाठ. माझे कितीतरी खटले त्याच्या वहीवर चालले. त्याच्याशी अदबीनं वागा, वयानं मोठा असेल तर ‘काका’ म्हणा.

कुठल्या कोर्टात बसायचं, तर आधी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांच्या. त्यांना तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा देता येते, मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना सात वर्षांपर्यंत. पण अटक झालेला माणूस चोवीस तासांच्या आत येतो तो बहुधा दंडाधिकाऱ्यांपुढेच, खुनाचा आरोपी असला तरी. रिमांड तिथं चालतो. दोषारोपपत्रही तिथंच दाखल होतं आणि मग गंभीर गुन्ह्याचा खटला सत्र न्यायालयाकडे कमिट होतो, म्हणजे सोपवला जातो. सत्र न्यायाधीश फाशीपर्यंत कुठलीही शिक्षा देऊ शकतात, फक्त फाशीला उच्च न्यायालयाची कायमी लागते. वरच्या कोर्टात भाषणं ऐकायला मिळतील, खालच्या कोर्टात पद्धत दिसेल.

रिमांडच्या वेळी दुपारनंतर थांबा. आरोपीला आणल्यावर दंडाधिकारी त्याला विचारतात, ‘‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?’’ त्या वेळी आरोपी उत्तर देण्याआधी कोणाकडे पाहतो, ते पाहा. दंडाधिकारीही तेच पाहत असतात. माझ्या ओळखीचे एक दंडाधिकारी आणणाऱ्या पोलिसांना दाराबाहेर उभं करून हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचे. रोजनाम्यात दोन्ही उत्तरं वेगवेगळी लिहिली जायची.